निळ्या फुलांचं नळकांडं

मला इंग्लंडचं वेड आहे. हे वाक्य मी आमच्या नात्यागोत्यात इतक्यांदा ऐकलंय की आता मीच आधी सांगून मोकळी होते. बरोबरीच्या बायका निवृत्त झाल्यावर भजनी मंडळात जायला लागल्या, मी यॉर्कशरला जायला लागले, एवढाच काय तो फरक. तेही नागपुरात कोराडी रोडवरच्या आमच्या घराच्या गॅलरीत बसून, कानात इअरफोन आणि पायात स्लिपर घालून.

अख्खी नोकरी मी सरकारी कचेरीत आवक-जावक करण्यात घालवली. पासपोर्ट काढला तो हौसेनं, पण त्यावर अजून एकही शिक्का नाही. तरी इंग्लंडातलं मला जेवढं ठाऊक आहे तेवढं तिथं चार वेळा जाऊन आलेल्या आमच्या शेजाऱ्यांनाही नाही. स्कोन नावाच्या तिकडच्या गोड पावावर आधी मलई लावायची की आधी जाम, यावरून तिथल्या दोन परगण्यांत पिढ्यान्‌पिढ्या भांडण आहे, आणि त्यात मी एका बाजूची आहे. रांगेत कुणी पुढं घुसलं तर इंग्रज माणूस बोलत नाही, नुसता खाकरतो, हेही मला माहीत. जरीपटक्याच्या बाजारात मी एकदा तसं खाकरून पाहिलं. भाजीवाल्यानं मला आल्याचा तुकडा फुकट दिला.

आमचे हे वीज केंद्रातून निवृत्त झालेले. माणूस पक्का देवभोळा. सकाळी अंघोळ झाली की सोवळं नेसून देवघरात शिरतात ते चहा दोनदा निवून जाईपर्यंत बाहेर येत नाहीत. माझ्या वेडाला त्यांनी कधी आडकाठी केली नाही. चिडवलं मात्र भरपूर. उन्हाळ्यात कूलरसमोर बसून मी फोनवर तिकडचा पाऊस पाहायला लागले की म्हणायचे, "छत्री देऊ का वं?"

फोनवर इंग्लंडप्रेमींचा एक गट आहे. त्यातच माझी मैत्रीण मला भेटली. यॉर्कशरच्या एका खेड्यात म्हाताऱ्या वडिलांसोबत राहणारी, साठी ओलांडलेली. दर रविवारी ती कुत्र्याला घेऊन शेतातल्या पायवाटेनं फिरायला निघायची आणि फोनचा कॅमेरा समोर धरून मला सोबत न्यायची. तिची सकाळ, आमची दुपार. दगडी कुंपणं, त्यावरून चढून जायच्या पायऱ्या, मेंढ्या, ओढा, ओढ्यावरची फळी. काही वर्षांत मला ती वाट इतकी पाठ झाली की चिखल कुठं लागणार हे मी तिला आधी सांगायची. ती हसायची. तुम्ही म्हणाल, ही कसली मैत्री! पण माझ्या सख्ख्या बहिणीशीही मी दर रविवारी तासभर बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिचे वडील वारले. नव्वदीच्या पुढचे होते. ते आमच्या इथून जवळच्याच कामठीच्या छावणीत जन्मलेले आणि मिसरूड फुटायच्या वयात आईबापांसोबत विलायतेला गेलेले, एवढं तिनं मला पूर्वीच सांगितलं होतं. खरं तर त्यावरूनच आमची ओळख वाढली होती. वर्षभरानं ती म्हणाली, "मी येते आहे. मला कामठी पाहायची आहे." मी आनंदानं येडी व्हायची बाकी राहिले. पडदे बदलले, केटल आणली, पांघरुणात ठेवायची रबराची गरम पाण्याची पिशवी आणली. नागपूरच्या थंडीत त्या पिशवीची काय गरज, असं ह्यांनी विचारलं. पण इंग्रजी पाहुणचार त्याशिवाय पुरा होत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

ती आली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. दोन विमानं बदलून चेहरा पार उतरलेला. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, ती गोंधळली, पण हसली. आत आल्याबरोबर गोळ्यांची डबी शोधायला तिनं हातातली पिशवी जेवणाच्या टेबलावर रिकामी केली. बिस्किटांचा पुडा, संत्र्याच्या मुरंब्याची बरणी, मेंढ्यांची चित्रं असलेला टॉवेल आणि एक जाड पुठ्ठ्याचं, हातभर उंच नळकांडं. त्यावर झाडीत फुललेल्या निळ्या फुलांचं इतकं सुंदर चित्र होतं की माझी नजर हटेना. गोळी घेऊन ती अंघोळीला गेली ती थेट खोलीत जाऊन झोपलीच.

आता आमच्याकडची पद्धत अशी की पाहुण्यानं आणलेला खाऊ आधी देवापुढं जातो. शिवाय देणाऱ्याच्या तोंडावर तो फोडून बघायचा नसतो, हावरटपणा दिसतो. मी टेबलावरचं सगळं उचललं आणि देवघरात नेऊन पाटावर मांडलं. नळकांडं चांगलंच जड लागलं. ह्यांनीही ते हातात तोलून पाहिलं.

"काय हाय वं ह्याच्यात?"

"चहा असन. तिकडं अशाच डब्यात मिळते, चित्रवाल्या."

"बापा! इतला चहा कोन पिते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी रीतसर पूजा केली. देवापुढं जे जे असेल त्याला हळदकुंकू वाहायचं, हा त्यांचा नेम. बिस्किटांना वाहिलं, बरणीला वाहिलं, नळकांड्याला वाहिलं आणि त्याच्या झाकणावर एक लाल जास्वंद ठेवलं. घंटा वाजली, आरती झाली, कापूर फिरला. पाहुणी अजून झोपेतच होती. दुपारी उठली, थोडं वरण-भात खाल्लं, पुन्हा झोपली. संध्याकाळी मला वाटलं, तिच्याच देशाचा चहा तिला करून द्यावा. मी देवघरात जाऊन ते नळकांडं उचललं, ओट्यावर आणलं, चमचासुद्धा काढला. तेवढ्यात हे ओरडले, "पाहुणी जायच्या आधीच काहून उघडून राहिली? बरं दिसते का?" मी गुमान ते परत पाटावर ठेवलं आणि आपला नेहमीचा चहा टाकला. तो चमचा आठवला की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ताजीतवानी होऊन उठली. ह्यांची पूजा नुकतीच आटोपली होती आणि हे गच्चीवर तुळशीला पाणी घालत होते. मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. वळून पाहते तर ती देवघराच्या दाराशी उभी, दोन्ही हात तोंडावर, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, धूप डोळ्यांत गेला.

"मला कळतच नव्हतं तुला कसं सांगावं," ती म्हणाली. "टेबलावर दिसले नाहीत तेव्हा घाबरले होते. विचारायचं धाडस होईना. आणि तू तर त्यांना इथं बसवलंस. तुमच्या देवांजवळ. फूल वाहिलंस."

"कुणाला?" मी विचारलं.

"बाबांना."

मी तिच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. पाटावर विठोबा, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, बिस्किटं, मुरंबा आणि कुंकवानं माखलेलं ते नळकांडं. तिकडं माणसाची राख अशाच नळकांड्यात देतात, वर फुलं नाहीतर समुद्र नाहीतर सूर्यास्त असतो, तिच्या देशात कोणीही पाहताक्षणी ओळखतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या घटकेला मी ओट्याला धरून उभी राहिले. ती माझ्या गळ्यात पडली, आभार मानत राहिली. मी तिची पाठ थोपटत राहिले. ती समजली, मीही गहिवरलेय.

मला स्वतःचीच चीड आली. मलई आणि जाम माहीत, मेंढ्यांच्या जाती माहीत, बागेत कोणतं फूल कोणत्या महिन्यात येतं ते माहीत. पण इंग्लंडात माणसं मरतात आणि मेल्यावर त्यांचं काय करतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. वर्षापूर्वी तिचे वडील गेले तेव्हासुद्धा मी फोनवर हळहळले होते आणि पुढच्या रविवारी पुन्हा पायवाटेनं निघाले होते.

ह्यांना सांगणं भाग होतं. गच्चीवर गेले आणि एका दमात सांगितलं. ह्यांच्या हातातला तांब्या तसाच तिरपा राहिला, पाणी पायावर सांडत होतं.

"अस्थी? देवाजवळ? आन् मी कुंकू लावून राहिलो दोन दिवस?"

"मले का माहीत होतं? मले चहा वाटला."

ते तसेच खाली आले, नेसत्या वस्त्रानिशी डोक्यावरून पाणी घेतलं, देव ताम्हणात घेऊन धुतले, घरभर गंगाजल शिंपडलं. पाहुणी आपल्या खोलीत केस विंचरत होती, तिला वाटलं असेल हा रोजचाच कार्यक्रम. मग त्यांनी कपाटातलं कोरं पांढरं कापड काढलं, नळकांडं त्यात नीट गुंडाळलं, गाठ मारली आणि अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला बांधलं. जमिनीपासून पुरुषभर उंच.

आमच्याकडं अस्थी घरात आणत नाहीत. नदीवर न्यायला वेळ असेल तर बाहेर झाडाला टांगून ठेवतात. ह्यात वावगं काही नाही, असंच मी आजवर मानत आले. पण ती चहाचा कप घेऊन ऊन खायला अंगणात आली आणि वर पाहून थबकली, तेव्हा मला ते झाड तिच्या डोळ्यांनी दिसलं. सकाळी देवाजवळ बसलेला तिचा बाप आता फांदीला लोंबकळत होता.

"ते..." तिनं बोट दाखवलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

मी मान हलवली.

ती ओरडली नाही. कप हलक्या हातानं कट्ट्यावर ठेवला आणि अगदी शांत, गोड आवाजात म्हणाली, "मला वाटतं मी एखादं हॉटेल बघते. तुम्हाला उगाच त्रास." इंग्रज माणूस असा गोड बोलायला लागला की समजावं, संपलं. एवढं तरी मी इतक्या वर्षांत शिकले होते. इतक्या रविवारांची मैत्रीण माझ्या अंगणातून कायमची निघून जाणार होती, आणि तिच्या वडिलांना ती कुठं घेऊन फिरणार होती देव जाणे.

मग मी सगळं सांगून टाकलं. देवाजवळ ठेवलं ते खाऊ समजून, कुंकू लागलं ते नेमामुळं, मानबिन काही नव्हता, मला तो चहा वाटला होता. चमच्याचंही सांगितलं. लपवून करायचं काय होतं?

"चहा," ती म्हणाली. "म्हणजे तुला माहीतच नव्हतं. आणि आता कळल्यावर त्यांनी बाबांना बाहेर काढलं. घाण वाटली म्हणून."

हे ओसरीच्या पायरीवर ओल्या धोतरानं बसले होते. "काय म्हणून राहिली ते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"घाण कायले वाटन?" ते उठून झाडाजवळ आले. "माही माय मेली तं तिले बी मी ह्याच फांदीले बांधलं होतं. सांग तिले. मायेले काय घाण म्हनून बांधलं? गेलेला माणूस घरात घेतला तं त्याचा जीव अडकते. त्याले जाऊ वाटत नाही. म्हनून बाहेर ठेवा लागते."

मी शब्दाला शब्द लावून तिला सांगितलं. तिनं फांदीकडं पाहिलं, ह्यांच्याकडं पाहिलं. मग कट्ट्यावर बसली.

"जीव अडकतो," ती म्हणाली. "बरोबर आहे त्यांचं. बाबा आमच्याकडं आयुष्यभर अडकलेच होते."

त्यानंतर तिनं जे सांगितलं त्यानं मी हादरले. त्या नळकांड्यानं बसला नव्हता एवढा धक्का मला तेव्हा बसला. तिचे वडील यॉर्कशरच्या त्या घराला घर म्हणत नसत. म्हाताऱ्यानं सत्तर-पंचाहत्तर वर्षं तिथं काढली, पण बोलताना "घरी" म्हटलं की त्याचा अर्थ कामठी. तिकडच्या उन्हाळ्यात अंगणात उभं राहून सूर्याकडं तोंड करायचे आणि म्हणायचे, हे काय ऊन आहे? जिची मी आठवडाभर वाट पाहायची त्या पायवाटेवर त्यांनी म्हातारपणी पाऊल टाकलं नाही. "ती ओली गल्ली" म्हणायचे तिला.

"आणि रविवारी," ती म्हणाली, "तुझा फोन यायचा तेव्हा ते शेजारच्या खोलीत दार किलकिलं ठेवून बसायचे. निघायच्या आधी आपण थोडं बोलायचो ना, तेवढ्यासाठी. तुझ्याकडचे आवाज ऐकायला. कावळे, कुकरची शिट्टी, कुणीतरी काहीतरी विकायला ओरडत जायचं. मी विचारायची, भेटता का तिला? तर नको म्हणायचे. म्हणायचे, मला बोलायचं नाही, ऐकायचं आहे."

मी दर रविवारी फोन लावायच्या आधी गॅलरीच्या खिडक्या लावून घ्यायची. भाजीवाला गल्लीत शिरला तर ह्यांना पिटाळायची, त्याला जरा पुढं जायला सांगा म्हणून. कुकर त्या वेळात लावायचाच नाही, असा माझा दंडक. मला वाटायचं, आपल्या गोंगाटानं तिच्या ओढ्याचा आवाज बुडतो. आणि तिकडं दाराच्या फटीशी एक म्हातारा कान लावून बसलेला, माझ्या घरातून एक कावळा ऐकू यावा म्हणून. मी त्याच्या गावात बसून त्याच्या तुरुंगाची हौस करत होते. असं म्हणणंसुद्धा चूक असेल, कारण मला ती वाट अजूनही आवडते. पण त्या सकाळी तिची क्षमा मागू की फांदीवरच्या त्या म्हाताऱ्याची, हेच कळत नव्हतं.

हॉटेलचा विषय पुन्हा निघाला नाही. ती म्हणाली, "त्यांना कामठीत सोडायलाच मी आले आहे. अजून वाट पाहायला लावू नये." ह्यांनी लगेच कोरडं धोतर नेसलं आणि गाडी काढली. नळकांडं तिनं मांडीवर घेतलं, कापडासकट.

कामठीत आधी छावणीच्या रस्त्यानं एक फेरी मारली. कोणता बंगला, कोणती बराक, तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं फक्त काच खाली केली आणि बाहेरचं ऐकत राहिली. तिथून कन्हान नदीच्या काठावर गेलो. पात्रात पाणी कमी होतं, वाळूतून बरंच चालावं लागलं. हे गुडघाभर पाण्यात उतरले आणि म्हणाले, "गोत्र विचार तिले."

"अहो, इंग्रजाले कोनतं गोत्र?"

ते घुटमळले. पाण्यात उभे राहून त्यांनी थोडा विचार केला. "मंग कामठीचे हाय, म्हनतो. गाव तं हायच न त्यायले."

आणि खरोखर त्यांनी संकल्पात गोत्राच्या जागी कामठी घातली. राख सोडायला मुलगा लागतो असा एरवी त्यांचा आग्रह असतो, पण तिचा भाऊ हे सगळं थोतांड म्हणून आला नाही, हे कळल्यावर त्यांनी वाळूवर उभ्या असलेल्या तिला हात पुढं केला. ती बूट काढून पाण्यात उतरली. झाकण ह्यांनीच उघडून दिलं. राख पाण्यावर पडली, थोडी वाऱ्यानं ह्यांच्या धोतरावर उडाली. ती त्यांनी झटकली नाही. परत निघताना मागं पाहायचं नाही, असं मी तिला सांगितलं, आणि ती वाळूतून सरळ चालत गाडीपर्यंत आली.

हे गाडी चालवत होते, आम्ही दोघी मागं. कोळशाच्या ट्रकमागं गाडी अडकली, बराच वेळ हलेना. तिनं माझा हात हातात घेतला.

"आज तुम्ही दोघांनी जे केलंत, ते मी फेडू शकत नाही," ती म्हणाली. "पण एक करीन. तुझी वेळ येईल आणि मी तेव्हा असेन, तर मी येऊन तुला घेऊन जाईन. त्या वाटेवर ठेवीन तुला, ओढ्याजवळ. तुझ्याइतकं त्या वाटेवर कुणीच प्रेम केलेलं नाही."

ती मनापासून बोलत होती. तिच्याकडं देण्यासारखं यापेक्षा मोठं काही नव्हतं.

"नको," मी म्हणाले.

इतक्या झटक्यात ते तोंडून निघालं की तिच्याआधी मीच दचकले. सगळा जन्म ज्या देशाच्या नावानं मी उसासे टाकले, तिथं कायमचं राहायला मी क्षणाचाही विचार न करता नाही म्हटलं होतं. तिचा हात माझ्या हातात होता आणि मला एवढंच वाटत होतं की मला कुणी नेऊ नये. इथंच ठेवावं. फांदीला बांधावं, कन्हानला न्यावं, जे काय करायचं ते ह्यांनी करावं. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती.

ह्यांना इंग्रजी बोलणं फारसं उमगत नाही, पण माझा "नको" त्यांनी ऐकला होता. आरशातून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"काय म्हणते वं ते? कायले नाही म्हणून राहिली तिले?"

खरं काय ते सांगायला मला जमलं नाही. "तिकडं चाल म्हणते," मी म्हणाले. "तिच्या गावाले."

"हाव म्हन न मंग," हे म्हणाले. ट्रक हलला तशी त्यांनी गाडी गिअरमध्ये घातली. "इतक्या प्रेमानं नेते तं नाही कायले म्हनतं? मी बी येतो सोबत."

मला एकदम हुंदका फुटला तो आवरेचना. तिनं मला जवळ घेतलं. तिला वाटलं, मी तिच्या वडिलांसाठी रडते आहे.